चहाच्या चोथ्याचा रंग

आत्याच्या हातातली पोवळ्याची अंगठी चाळीस वर्षांची आहे. मंगळासाठी म्हणून लक्ष्मी रोडवर करून घेतलेली. तीच बोटात ठेवून ती जानेवारीत आमच्याबरोबर मालवणला आली, गुडघे कुरकुरत असताना होडीत चढली, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली आणि पाच मिनिटांत मास्क वर करून म्हणाली, "हे पोवळं? हा तर पाटा दिसतोय!"

होडीतल्या बाकीच्यांचंही तेच म्हणणं. पिंपरीहून आलेल्या चौघांना तर चक्क फसवल्यासारखं वाटत होतं. रीलमध्ये गुलाबी, जांभळं, पोपटी काय काय होतं, आणि इथं खाली बघावं तर चहाच्या चोथ्याच्या रंगाचे गोळे. एकानं होडीवाल्या काकांना विचारलंच, "रंगीतवालं कुठंय?" काकांना हा प्रश्न रोजचा असणार. ते नुसते हसले आणि म्हणाले, "हात लाव नकात हां. दगड नाय तो, जितो आसा."

परत येताना फोंडा घाटापासून पार कोल्हापूर येईपर्यंत मी आत्याला आणि अकरावीतल्या भाचीला एकच गोष्ट समजावत होते. तो चोथ्याचा रंग हीच चांगली बातमी आहे. प्रवाळ पांढरंफटक दिसलं तर काळजी करायची. तपकिरी आहे म्हणजे आत चूल पेटलेली आहे.

चूल कुणाची, ते सांगते.

प्रवाळ हा प्राणी आहे. इथंच पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण तो दिसतो दगडासारखा, काही जातींना फांद्या फुटतात झाडासारख्या, आणि जागचा तर कुणीच हलत नाही. पण त्या गोळ्याच्या पृष्ठभागावर शेकडो, हजारो चिमुकले प्राणी एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एकेकाला पॉलिप म्हणतात. नात्यानं हे जेलीफिशचे चुलतभाऊ. शरीर म्हणजे एक पिशवी, तिला वर एकच तोंड. खायचंही त्यातूनच आणि नको ते बाहेर टाकायचंही त्यातूनच. तोंडाभोवती शेवयांच्या तुकड्यांसारखे बारीक दोरे असतात आणि त्यांवर डंख मारणाऱ्या पेशी. पाण्यातून वाहत येणारा एखादा सूक्ष्म जीव दोऱ्याला लागला की संपलाच. पिशवीच्या बुडाशी हा प्राणी समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुन्याची वाटी घडवतो. वाटीत स्वतः बसतो, काही काळानं बुडाशी नवा थर घालतो आणि थोडा वर सरकतो. असं वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे तुम्हाला दिसतो तो गोळा जवळजवळ सगळाच जोता आहे. जिवंत भाग म्हणाल तर त्यावर पांघरलेली काही मिलिमीटरची कातडी.

मी एका गोळ्यावर पंधरा मिनिटं तरंगत होते. वीतभर उंच आणि कणीक मळायच्या परातीएवढा रुंद. सगळा पृष्ठभाग नखाएवढ्या खळग्यांनी भरलेला. खळगे गोल नव्हते, एकमेकांत दाबून बसवल्यासारखे पाच-सहा कोनांचे, आणि दोन खळग्यांमध्ये भिंत एकच. जुन्या वाड्यातल्या खोल्या असतात तशा, सामायिक भिंतीच्या. भाचीला ते मधाचं पोळं वाटलं, आणि या प्रकाराला मधपोळं म्हणायची पद्धत इंग्रजीतही आहे. दिवसा बहुतेक जातींचे पॉलिप दोरे आत ओढून बसतात, म्हणून खळगा रिकामा वाटतो. जेवायला ते रात्री बाहेर येतात. असा गोळा वर्षाला जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर वाढतो. वीतभर उंचीचा हिशोब केला तर हा वीस ते चाळीस वर्षांचा, म्हणजे अगदी आत्याच्या अंगठीच्या वयाचाही असू शकतो. हे ऐकल्यावर मात्र आत्या त्याला पाटा म्हणायची थांबली.

आता रंगाकडे येऊ. पॉलिपची कातडी स्वतः जवळजवळ पारदर्शक असते. तिच्यात भाडेकरू राहतात. एकपेशीय शैवाल, इतकं बारीक की चौरस सेंटीमीटर जागेत दहा लाख किंवा त्याहून जास्त मावतात. तपकिरी रंग या भाडेकरूंचा. उन्हावर ते साखर तयार करतात, जसं कुठलंही हिरवं पान करतं, आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देऊन टाकतात. प्रवाळाच्या रोजच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मार्गानं येऊ शकते. बदल्यात मालक काय देतो? डंखांच्या पहाऱ्यातली सुरक्षित जागा, श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या शरीरातली घाण. ती घाण म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि शैवालाला हेच खत म्हणून हवं असतं. पुण्यातल्या कुठल्याही वाड्यात मालक-भाडेकरूंचं इतकं जमलेलं मी पाहिलेलं नाही. सदाशिव पेठेत तर नाहीच.

ही भागीदारी इतकी महत्त्वाची का, तर उष्ण कटिबंधातला निळा, स्वच्छ समुद्र हा खरं तर उपाशी समुद्र असतो. पाणी नितळ असतं कारण त्यात खाण्यासारखं फारसं काही नसतं. अशा पाण्यात प्रवाळ जगतं ते घरातच स्वयंपाकी असल्यामुळे. आणि त्याच्या आडोशानं बाकीचा गोतावळा जगतो. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण सागरी जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतो.

मग रीलमधले रंग खोटे का? सगळे नाहीत. काही जातींच्या कातडीत चमकणारी प्रथिनं खरोखरच असतात, हिरवी, गुलाबी, निळसर. पण पाणी लाल रंग फार लवकर गिळतं, पाच-दहा मीटर खोल गेलं की तो जवळपास संपतो. म्हणून खाली काढलेल्या चांगल्या फोटोंत दिवा तरी असतो किंवा नंतर रंग चढवलेले असतात. शिवाय एक विचित्र प्रकारही आहे. आजारी पडत असताना काही प्रवाळं आणखी भडक, निऑनसारखी रंगीत होतात. भाडेकरू कमी झाले की आत जादा ऊन शिरतं, आणि त्यापासून बचाव म्हणून मालक ही रंगीत प्रथिनं भरपूर बनवतो. म्हणजे लोक 'वॉव' म्हणून ज्याला लाइक देतात ते कधी कधी तापानं फणफणलेलं असू शकतं.

मालवणला रंग फिके वाटतात याचं दुसरं कारण गाळ. लक्षद्वीपसारखी प्रवाळांनीच घडवलेली कंकणाकृती बेटं वेगळी. तिथं बेट हेच प्रवाळांचं बांधकाम. कोकण किनाऱ्यावर तसं बांधकाम नाही. इथं किनाऱ्याजवळच्या मूळ खडकावर प्रवाळांच्या वसाहती इथंतिथं चिकटलेल्या आहेत. भिंत नाही, बेट नाही, नुसती वस्ती. भारतात मोठी प्रवाळक्षेत्रं चार ठिकाणी आहेत: कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. मालवण त्या यादीत येत नाही, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर महाराजांनी किल्ल्याची पायाभरणी केली, त्याच्या आसपासच्याच खडकांवर हे सगळं आहे.

कोकणात प्रवाळ कमी का, हे पावसाला विचारा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर धो धो कोसळलेलं पाणी काही तासांत समुद्रात पोचतं. कर्ली नदी, गड नदी, सगळ्या आपापला लाल-तपकिरी गाळ घेऊन उतरतात. प्रवाळाला खारं पाणी लागतं, इथं चार महिने वरचा थर गोडसर होतो. भाडेकरूंना ऊन लागतं, इथं ढग आणि गढूळ पाणी. पिल्लांना बसायला स्वच्छ टणक दगड लागतो, इथं दगडावर चिखलाचा पातळ थर. म्हणून फांद्याफांद्यांच्या नाजूक जाती इथं फारशा दिसत नाहीत. टिकतात ते गोळे, पापुद्रे आणि जाड थाळ्यांसारखे प्रकार, अंगावर पडलेली माती झटकून टाकू शकणारे. कातडीतून बुळबुळीत स्राव सोडून ते गाळ अक्षरशः ढकलून देतात. हे कळल्यावर मला ते चोथ्याचे गोळे अंदमानच्या फोटोंपेक्षा जास्त आवडायला लागले. अंदमानात वाढणं सोपं आहे हो.

गाळापासून लांब गेलं की चित्र बदलतं. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, पाणी नितळ आणि त्यावर प्रवाळ. पण तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं काही होत नाही.

इथं भाचीनं एक चांगला प्रश्न विचारला. "मग आपल्या मुठेची घाण पण तिथंच जाते का?" नाही. पुण्याहून समुद्र पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी मुळा-मुठा पूर्वेला निघते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रातून बंगालच्या उपसागरात. आपण मुठेत जे टाकतो त्यातलं काही मालवणला पोचत नाही. मालवणला पोचते ती आपली उष्णता. गाड्यांचा धूर, विजेसाठी जळलेला कोळसा. या धुराला पाणलोट क्षेत्र नसतं.

हवेत जादा अडकलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्र शोषून घेतो. आणि प्रवाळाची सहनशक्ती विलक्षण अरुंद आहे. एखाद्या ठिकाणच्या प्रवाळाला तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीइतकं तापमान चालतं. त्याहून एक अंश जास्त, तेही काही आठवडे टिकलं, की बिघाड सुरू. आपल्याला एक अंश म्हणजे पंखा दोनवरून तीनवर. त्याच्यासाठी ती तापाची सुरुवात.

नेमकं बिघडतं काय? भाडेकरूंची चूल. जादा उष्णता आणि कडक ऊन एकत्र आलं की शैवालातली साखर बनवणारी यंत्रणा गडबडते आणि साखरेबरोबर ऑक्सिजनची घातक रूपं बाहेर पडायला लागतात. शेजारच्या खोलीत गॅस गळतोय म्हणा ना. मालक काय करणार? भाडेकरूला सिलिंडरसकट बाहेर काढतो. तपकिरी रंग निघून जातो, पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसायला लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पाण्याच्या टाकीत टाकतात त्या पावडरचा इथं काही संबंध नाही. आणि हे नीट लक्षात घ्या, पांढरं पडलेलं प्रवाळ त्या क्षणी मेलेलं नसतं. जिवंत असतं, पण उपाशी. पाणी वेळेत गार झालं तर उरलेसुरले भाडेकरू वाढतात, बाहेरूनही नवे येतात, रंग परततो. नाही झालं तर काही आठवड्यांत मरतं, आणि मग त्या चुन्यावर जंगली शेवाळ चढतं. तेही तपकिरी-हिरवंच दिसतं, ही एक पंचाईत. फरक असा, की जिवंत गोळ्याचे खळगे कोरल्यासारखे स्पष्ट दिसतात आणि मेलेल्यावर लव आल्यासारखी वाटते.

किती उष्णता म्हणजे धोका, हे मोजायला एक सोपी पद्धत आहे. वीजबिलातलं युनिट आठवा. हजार वॅटचा गीझर एक तास चालला की एक युनिट. म्हणजे किती जोर आणि किती वेळ, या दोन्हींचा गुणाकार. तसंच इथं किती अंश जादा गुणिले किती आठवडे. एक अंश जादा तापमान चार आठवडे राहिलं की बेरीज ४, दोन अंश दोन आठवडे राहिलं तरी ४. मागच्या बारा आठवड्यांची ही बेरीज ४ वर गेली की ठळक ब्लीचिंग अपेक्षित असतं, ८ वर गेली की मोठ्या प्रमाणावर मरण. उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान रोज मिळतं, त्यामुळे हे घरबसल्या मोजता येतं. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था भारतीय प्रवाळक्षेत्रांसाठी असे इशारे देते.

जगभर एकाच वेळी असं घडण्याच्या घटना आतापर्यंत चार. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि चौथी २०२३ मध्ये सुरू झाली, ती २०२४ च्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे जाहीर झाली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचं कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं सांगितलं. त्याआधी मे २०२० मधल्या समुद्री उष्णतेच्या लाटेनंतर मन्नारच्या आखातात ८५ टक्के प्रवाळांवर ब्लीचिंग दिसलं होतं. या लाटांचा अभ्यास कुठं झाला, तर आपल्या पाषाण रोडवर. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला साधारण दीडनं वाढत गेल्या आहेत, आणि त्यांचा संबंध मध्य भारतातला पाऊस कमी होण्याशीही लागतो. पाषाणला रोज बसनं त्या फाटकावरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आत समुद्राचा ताप मोजतात.

दुसरं संकट सावकाशीचं आहे, म्हणून थोडक्यात. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतो आणि त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट) गेल्या दोनेक शतकांत ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. पाणी आंबट झालेलं नाही, पण चुना घडवायला लागणारं कार्बोनेट कमी झालं. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की जो पांढरट डाग पडतो, तो पोवळ्याच्या जातीच्याच चुन्यावर पडलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता होडीतलं. आमच्या होडीत कुणीतरी ब्रेड टाकला आणि काळ्या पट्ट्यांचे मासे धावून आले, सगळे खूश. मी पण पाहत बसले, खोटं कशाला बोलू. पण मासे दगडावरचं शेवाळ खरवडत राहिले तर प्रवाळाच्या पिल्लांना जागा मिळते. फुकटचा ब्रेड मिळाल्यावर कोण खरवडतंय! नांगर प्रवाळावर पडला तर आत्याच्या अंगठीएवढी वर्षं एका झटक्यात जातात, म्हणून होडी बांधायला बोया असेल तिथंच उतरा. थकलं की पाय टेकायचा मोह होतो, तो आवरायचा. जॅकेट आहे, नुसतं पाठीवर उलटं व्हा. तुकडा उचलून आणणं हा तर गुन्हा आहे, दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. सनस्क्रीनबद्दल फार चर्चा असते. त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक आहेत हे खरं, पण उष्णतेपुढं तो प्रश्न लहान आहे, आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला की मिटतोही.

आणि मास्कला वाफ धरते. आतून थुंकी चोळून विसळा. आत्याला किळस आली, तिनं केलं नाही, म्हणून तिला पहिली पाच मिनिटं पाटा दिसला असं माझं मत आहे.

अंगठीचं राहिलंच. तिच्यातलं लाल पोवळं या गोळ्यांच्या जवळच्या नात्यातलं नाही. ते भूमध्य समुद्रातून येतं, अंधाऱ्या कपारींत किंवा खोल पाण्यात वाढतं, त्याच्या पॉलिपला आठ दोरे असतात, तर मालवणच्या गोळ्यांना सहाच्या पटीत. त्याच्याकडे भाडेकरूही नाहीत. अंधारात स्वयंपाकी ठेवून उपयोग काय? त्याचा लाल रंग स्वतःचा, चुन्यातच मुरलेला, म्हणून मेल्यावर चाळीस वर्षं झाली तरी अंगठीत तसाच आहे. "म्हणजे माझा मंगळ इटलीचा," आत्या म्हणाली आणि साताऱ्यापर्यंत झोपली.

पुन्हा जायचं ठरलंय. होडीवाल्या काकांनी निघताना सांगितलं होतं, अमावास्या-पौर्णिमेला येऊ नका, उधाणाचं पाणी तळ ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा जोर कमी, गाळ खाली बसलेला. वेळ काढायची तर कोकणातला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. वारा दुपारनंतर उठतो, तेव्हा सकाळीच उतरायचं. घरी आल्या आल्या आत्यानं भिंतीवरचं कालनिर्णय काढून फेब्रुवारीचं पान उलटलं. अष्टमी नेमकी आठवड्याच्या मध्यावर आहे. भाचीची परीक्षा, माझी रजा शिल्लक नाही. आत्या म्हणतेय ती एकटी जाईल, गुडघ्यांचं बघून घेईल, आणि या वेळी मास्कला थुंकीही लावेल.